टाकी फुल ते टाकी फुल

गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये माझी एक वही असते. साधी, शाळेतली, रेघांची. पहिल्या पानावर पट्टीने चार रकाने आखलेत, तारीख, किलोमीटर, लिटर, आणि चौथा रकाना बरेच दिवस बिननावाचाच होता कारण त्याला काय म्हणायचं तेच ठरत नव्हतं. मायलेज म्हणावं तर ते कंपनीने आधीच सांगून ठेवलेलं. शेवटी एका रात्री तिथे "खरं" एवढंच लिहिलं आणि वही मिटली. त्या चौथ्या रकान्याने माझी चार वर्षं घेतली.

ही माझी पहिली नवी गाडी. त्याआधीची सेकंडहँड होती, लहान, आवाज करणारी, एका बाजूची काच हाताने ओढून वर घ्यावी लागायची, पण ती काय देते आणि काय देत नाही हे आधीच्या मालकाने मला तोंडावर सांगितलं होतं आणि ते तसंच निघालं. नवीन घेताना दोन गाड्यांमध्ये अडकले होते. ब्रोशरमध्ये हिच्यापुढे २१ लिहिलं होतं, लिटरला २१ किलोमीटर. दुसरीचा आकडा १८. मी कागद घेऊन बसले, महिन्याचं फिरणं किती, वर्षाचं किती, पाच वर्षांत फरक किती पडेल, सगळं मांडलं आणि २१ वर बोट ठेवून ही गाडी घेतली. रंग, सीट, स्क्रीन यातलं मी फारसं काही बघितलंच नाही. आकड्याखाली बारीक अक्षरात एक ओळ होती, ती वाचली पण मनात शिरली नाही, कारण समोर एवढ्या मोठ्या टायपात छापलेली गोष्ट असताना खालच्या ओळीकडे कोण बघतं.

पहिल्या टाकीला १२ च्या आसपास बसलं. शोरूमवाले म्हणाले नवीन इंजिन आहे, फ्री व्हायला वेळ लागतो, पहिलं सर्व्हिसिंग होऊ द्या. त्यात थोडं तथ्य असतं, पहिल्या काही हजार किलोमीटरमध्ये पिस्टन रिंग, बेअरिंग एकमेकांना बसतात आणि घर्षण जरा कमी होतं. म्हणून थांबले. पहिलं सर्व्हिसिंग झालं, दुसरं झालं, गाडी दहा हजाराच्या पुढे गेली आणि आकडा जिथे होता तिथेच.

मोजायची पद्धत कुणालाही जमेल अशी आहे आणि मी ती नीट पाळली हे इथे सांगायलाच हवं कारण पुढे सगळा वाद तिच्यावरच झाला. टाकी फुल करायची, नॉझल पहिल्यांदा आपोआप कट झालं की थांबायचं, वरून टपटप टाकायचं नाही. ट्रिप मीटर शून्य करायचा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, त्याच मशीनवर, पुन्हा पहिल्या कटला थांबायचं. किलोमीटर भागिले लिटर. एका टाकीवर विश्वास ठेवायचा नाही, कारण एखाद्या वेळी नॉझल लवकर कट होतं, एखाद्या वेळी गाडी तिरकी उभी असते. पाच-सहा टाक्यांचे एकूण किलोमीटर घ्यायचे आणि एकूण लिटरने भागायचं, मग चुका एकमेकींना खाऊन टाकतात. असं करून माझा आकडा आला १२.८. गाडीची स्क्रीन मात्र १३.९ दाखवत होती. स्क्रीनला टाकीत किती गेलं ते माहीतच नसतं, इंजिनात पेट्रोल सोडणारा इंजेक्टर किती वेळ उघडला यावरून कॉम्प्युटर अंदाज बांधतो, आणि तो अंदाज बऱ्याचदा गाडीच्या बाजूने झुकलेला असतो. म्हणजे आता माझ्याकडे एकाच गाडीचे तीन आकडे झाले, ब्रोशरचा २१, स्क्रीनचा १३.९ आणि वहीचा १२.८.

वही घेऊन सर्व्हिस सेंटरला गेले. काउंटरवरच्या मुलाने पहिलं पान बघितलं, दुसरं उलटलं नाही, वही मिटून माझ्या हातात परत दिली. कॉम्प्युटर जोडला, म्हणाला मॅडम बिघाडाचा एकही कोड नाहीये, गाडी ओके आहे. मग विचारलं, गाडी कोण चालवतं. मीच चालवते म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर उत्तर सापडल्यासारखं काहीतरी आलं. तुमचा पाय क्लचवर राहत असेल. गिअर उशिरा बदलत असाल. जॉब कार्डवर दोन शब्द लिहिले, "ड्रायव्हिंग हॅबिट".

ते दोन शब्द मी घरी घेऊन आले.

नंतरचे कित्येक महिने मी गाडी चालवली नाही, परीक्षा दिली. दोन हजार आरपीएमच्या, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या, आत गिअर बदलायचा. लांबूनच लाल सिग्नल दिसला की ऍक्सिलरेटर सोडायचा आणि गाडी गिअरमध्येच घरंगळू द्यायची, कारण तेव्हा इंजेक्टर बंद राहतात आणि पेट्रोल जातच नाही. टायरची हवा दर पंधरा दिवसांनी, सकाळी, टायर गार असताना. डिकीतलं सगळं सामान काढलं. यातल्या प्रत्येक गोष्टीने थोडा थोडा फरक पडतो, हे खरंच आहे आणि कुणीही करावं. पण मी त्याच्याही पुढे गेले. एसी बंद ठेवायला लागले. आई शेजारी बसलेली असायची, घामाने डबडबलेली, काच अर्धी खाली, धूर आत येतोय, आणि ती विचारायची नाही की एसी का लावला नाहीस, रुमालाने मान पुसत बाहेर बघत बसायची. तिला माहीत होतं मी कशाच्या मागे लागलेय. वहीत त्या महिन्याचा आकडा १३.१ आहे. ०.३ किलोमीटरसाठी मी आईला उकाड्यात बसवलं याचं मला आजही वाईट वाटतं.

त्याच दिवसांत मी वाचायला लागले, रात्री, झोप येत नसली की. हा २१ येतो कुठून.

तो रस्त्यावरून येत नाही. गाडी एका खोलीत रोलरवर उभी करतात, चाकं फिरतात पण गाडी जागेवरच, आणि समोरच्या स्क्रीनवर वेगाचा आलेख असतो त्याप्रमाणे ड्रायव्हर ऍक्सिलरेटर आणि ब्रेक दाबत जातो. वाऱ्याचा आणि टायरचा अडथळा किती, हे आधी मोजून रोलरच्या ब्रेकमध्ये भरलेलं असतं. युरोपात वर्षानुवर्षं जी टेस्ट चालली, एनईडीसी, तिचा शहरातला भाग १९७० चा आहे. पूर्ण टेस्ट ११ किलोमीटरची, २० मिनिटांच्या आत संपणारी, सरासरी वेग ताशी ३४ च्या आत, आणि वेग वाढवायची गती इतकी मंद की खऱ्या रस्त्यावर तशी गाडी चालवली तर मागचे हॉर्न वाजवून जीव घेतील. तापमान सुखाचं, एसी बंद, चढ नाही, खड्डा नाही, मागे दोन माणसं नाहीत. लोकांनी ओरड केली, संशोधकांनी खऱ्या रस्त्यावरचे आकडे समोर ठेवले, मग डब्ल्यूएलटीपी नावाची नवी टेस्ट आली, सप्टेंबर २०१७ पासून नव्या मॉडेलना आणि २०१८ पासून युरोपातल्या सगळ्या नव्या गाड्यांना. ती २३ किलोमीटरची, अर्ध्या तासाची, वेग १३१ पर्यंत जातो. जास्त खरी आहे. पण एसी तिच्यातही बंदच असतो. अमेरिकेने २००८ च्या मॉडेलपासून जास्त वेगाची, एसी लावून आणि उणे ७ अंशांच्या थंडीतली अशा जादा चाचण्या हिशोबात धरल्या आणि छापील आकडे एकदम खाली आले. गाड्या त्याच होत्या, फक्त मोजणं बदललं होतं.

म्हणजे ब्रोशरवर जे छापतात ते खोटं नसतं. ते दुसऱ्या एका जागेबद्दल खरं असतं, जिथे आपण कधीच गाडी चालवणार नसतो. हे कळल्यावर मला राग येण्याऐवजी आधी हायसं वाटलं, की चला, निदान सगळा दोष माझ्या पायाचा नाहीये.

आणि कधीकधी खोटंही असतं. २०१२ च्या नोव्हेंबरात ह्युंदाई आणि कियाला अमेरिकेत कबूल करावं लागलं की २०११ ते २०१३ च्या मॉडेलांवरचे मायलेजचे आकडे फुगवलेले होते, नऊ लाखांच्या आसपास गाड्या, आणि २०१४ मध्ये १० कोटी डॉलर दंड झाला. २०१६ ला मित्सुबिशीने जपानमध्ये मान्य केलं की लहान गाड्यांच्या चाचण्यांची आकडेमोड वाकवली होती आणि चुकीची पद्धत पंचवीस वर्षं चालू होती. त्या गाड्या घेतलेल्या लाखो लोकांनाही कुणीतरी सांगितलंच असणार ना, की तुमचा पाय क्लचवर राहतो. मी त्या माणसांबद्दल खूप विचार करायचे. कुणाकुणाच्या घरात अशी वही असेल.

माझी गाडी त्यातली नव्हती, ते स्पष्ट करते. पण आणखी एक गोष्ट त्या वाचनात हाती लागली जी माझ्या वहीशी जुळत नव्हती. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा फार थोडा भाग चाकांपर्यंत पोचतो, वीस-पंचवीस टक्के म्हणा, बाकीची उष्णता होऊन रेडिएटर आणि सायलेन्सरमधून निघून जाते. शहरात जे पोचतं त्यातलंही बरंचसं ब्रेकमध्ये जळतं, गाडी वेगात आणायला जे खर्च केलं ते सिग्नलला थांबताना ब्रेक पॅड तापवण्यात जातं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. जागेवर इंजिन चालू ठेवलं तर तासाला पाऊण-एक लिटर नुसतंच जातं आणि किलोमीटर शून्य. हायवेला यातलं काही नसतं, तिथे शत्रू वारा. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० ऐवजी १२० ने गेलं की तो सव्वादोन पट. म्हणून मध्यम वेगाने, ८०-९० ने, न थांबता गेलं तर कुठलीही साधी पेट्रोल गाडी शहरापेक्षा बरंच जास्त देते, द्यायलाच हवं.

माझी देत नव्हती. वहीत हायवेच्या टाक्यांपुढे मी फुली मारलेली असायची. शहर १२.५, हायवे १३.४. मला ते दिसत होतं आणि तरी त्याचा अर्थ लागत नव्हता, आणि सर्व्हिस सेंटरला सांगायची हिंमत उरली नव्हती. त्या वेळी मी हट्टाने परत जायला हवं होतं. गाडी वॉरंटीत होती.

गाडी बंद पडायला लागली ती तिसरं वर्ष संपता संपता. पहिल्यांदा झालं तेव्हा आई बरोबर होती, डॉक्टरांकडून परत येत होतो, संध्याकाळ, पुलाच्या चढावर ट्रॅफिक तुंबलेलं, पाऊल पाऊल पुढे सरकत होतो आणि इंजिन मेलं. धक्का नाही, आवाज नाही, कुणी दिवा मालवावा तसं. ब्रेक दोन-तीनदा दाबल्यावर दगडासारखा घट्ट झाला, गाडी मागे घसरायला लागली, हँडब्रेक ओढला तेव्हा थांबली. मागे रांग, हॉर्न. किल्ली फिरवली की स्टार्टर व्यवस्थित फिरतोय, पण इंजिन पकडतच नाही. आईने माझ्या हातावर हात ठेवला आणि तिचा हात गार होता. चाळीस मिनिटांनी टोइंगवाला आला, त्याने सहज किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. त्याने माझ्याकडे बघितलं. तो काही बोलला नाही, पण ते बघणं मला ओळखीचं होतं.

असं पाच महिन्यांत चारदा झालं. दर वेळी गर्मीत, दर वेळी गर्दीत, दर वेळी अर्ध्या-पाऊण तासाने आपोआप बरी. एकदा सर्व्हिस सेंटरने दोन दिवस ठेवून घेतली, चालवून बघितली असं म्हणाले, आणि कागदावर आलं, "दोष आढळला नाही". वॉरंटी तोवर संपली होती. दोष आढळला नाही आणि दोष नाही यात किती अंतर आहे हे त्या पुलावर बसलेल्या माणसाला विचारा. मायलेज कमी पडलं की पैसे जातात, तेही रोज जातात, ते वाईट आहेच. पण गाडी कुठेही बंद पडू शकते हे एकदा मनात बसलं ना की आपण रस्ता बदलतो, वेळ बदलतो, चढ टाळतो, रात्री निघत नाही. गाडी असूनही मी आईला दवाखान्यात न्यायला रिक्षा बोलवायला लागले. घराखाली गाडी उभी, आणि आम्ही दोघी रिक्षाची वाट बघतोय.

आई काही दिवसांनी पुन्हा गाडीत बसायला लागली तेव्हा तिच्या मांडीवर एक कापडी पिशवी असायची. पाण्याची बाटली, औषधं, टॉर्च, एक जुना हातपंखा. मी विचारलं हे काय, तर म्हणाली, असू दे गं, लागलं तर.

वहीत मात्र मी लिहीत राहिले. बंद पडली की तारीख, वेळ, काय दिसलं, काय ऐकू आलं. तिसऱ्या वेळच्या नोंदीत मी लिहिलंय, "स्टार्टर फिरतो पण आरपीएमचा काटा अजिबात हलत नाही." हे वाक्य मी का लिहिलं मला माहीत नाही. डोळ्यासमोर होतं म्हणून लिहिलं.

ओळखीतून एका जुन्या मेकॅनिककडे गेले. एकट्याचं गॅरेज, कपाळावर चष्मा, बोलणं कमी. मी सांगायला सुरुवात केली तर म्हणाले ताई वही द्या. स्टुलावर बसले आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. मी उभी होते. ते पानं उलटत होते, मध्येच बोट ठेवत होते, पुन्हा मागे जात होते, वीस मिनिटं तरी झाली असतील आणि मला अचानक रडू यायला लागलं, मी बाहेर जाऊन उभी राहिले. चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी दुसरं पान उलटलं होतं.

आत बोलावून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो बंद पडण्याबद्दल नव्हता. म्हणाले, हायवेला एवढंच? मी म्हटलं हो. इंजिन गरम झाल्याचा काटा आहे का गाडीत? नाहीये, आजकाल बऱ्याच गाड्यांत तो काढूनच टाकलाय, थंड असेल तर निळा दिवा, जास्त तापलं तर लाल, मधलं काही कळत नाही. निळा दिवा किती वेळाने जातो? मी सांगितलं, बराच वेळ राहतो, पण मला वाटायचं असाच असेल. उद्या सकाळी गाडी गार असताना आणा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं, आणि रेडिएटरला वरून जाणारा जाड रबरी पाइप दाखवून म्हणाले, हात लावून बघा. इंजिन नुकतंच चालू झालेलं, दोन-तीन मिनिटंच झाली होती, आणि पाइप कोमट लागत होता. मला त्यात काय ते कळलं नाही. ते म्हणाले हा आत्ता गार पाहिजे होता. इंजिन आणि रेडिएटर यांच्या मध्ये थर्मोस्टॅट नावाचं एक छोटं झाकण असतं, त्यात मेण असतं, इंजिनातलं पाणी तापलं की मेण फुगतं आणि झाकण उघडतं. तोवर पाणी इंजिनातच फिरत राहतं म्हणून इंजिन पटकन गरम होतं. तो पाइप आधी बराच वेळ गार राहायला हवा आणि मग झाकण उघडलं की एकदम चटका लागेल असा तापायला हवा. माझं झाकण अर्धवट उघडंच अडकलेलं होतं. बहुधा पहिल्या दिवसापासून.

त्यांनी एक छोटा स्कॅनर लावला आणि आम्ही हायवेला गेलो. पाण्याचं तापमान ९० च्या आसपास हवं, समोरून वारा लागायला लागला तसं ते ७२, ७०, ६८ वर आलं. इंजिन थंड आहे असं समजून कॉम्प्युटर जादा पेट्रोल देत राहतो, तेल जाड राहतं, घर्षण वाढतं. म्हणूनच हायवेला मायलेज वाढत नव्हतं, न थांबता चालून जे वाचायचं ते थंडपणा खाऊन टाकत होता. आणि शहरात, गर्दीत उभं राहून तापमान बऱ्यापैकी वर यायचं, म्हणून कॉम्प्युटरला कधी पक्की खात्री पटली नाही आणि कोड पडला नाही. दिवा न लागणं म्हणजे गाडी ठीक असणं असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. कॉम्प्युटर फक्त तेच सांगतो जे त्याला ओळखायला शिकवलंय, आणि तेही ठरावीक मर्यादा ओलांडली तरच.

बंद पडण्याचं तर त्यांनी वहीतल्या त्या एका ओळीवरूनच धरलं. स्टार्टर इंजिन फिरवतोय तर काटा थोडा तरी उचलायला हवा. उचलत नाही म्हणजे इंजिन फिरतंय ही बातमीच कॉम्प्युटरपर्यंत जात नाहीये. क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनातल्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याला, एक दातेरी चक्र असतं, पुष्कळ गाड्यांत साठ दातांचं, त्यातले दोन मुद्दाम गाळलेले, म्हणजे ती मोकळी जागा आली की शाफ्ट नेमका कुठे आहे ते कळतं. समोर बसलेला सेन्सर ते दात मोजतो आणि त्यावरून ठिणगी कधी आणि पेट्रोल कधी हे ठरतं. सेन्सरच्या आतली तार कुठेतरी तुटत आलेली, तापली की टोकं दूर जातात, गार झाली की पुन्हा चिकटतात. त्यांनी सेन्सरवर गरम हवेची गन धरली, चार-पाच मिनिटं, आणि इंजिन मेलं. अगदी त्या पुलावर मेलं होतं तसंच. मी आयुष्यात गाडी बंद पडल्यावर इतकी खूश कधी झाले नव्हते. म्हणाले, चला, पकडला.

गाडीत एक बिघाड गारव्याचा आणि एक तापण्याचा, दोन्ही एकाच वेळी, आणि दोन्ही पार्ट तळहातावर मावतील एवढे. ते मी घरी आणलेत, खिडकीत ठेवलेत.

थर्मोस्टॅट बदलल्यानंतरच्या सहा टाक्या मिळून वहीत १४.९ आलं. आता कुणी म्हणेल दोनच किलोमीटर वाढले, त्यात काय. किलोमीटर पर लिटर हे मोजमापच फसवं आहे या बाबतीत. उलटं करून बघा, युरोपात करतात तसं, शंभर किलोमीटरला किती लिटर. १२.८ म्हणजे ७.८ लिटर, १४.९ म्हणजे ६.७. दर शंभर किलोमीटरला एक लिटरपेक्षा जास्त वाचलं. तेच २१ देणारी गाडी २३.१ द्यायला लागली तर वाचतं अर्ध्या लिटरपेक्षाही कमी. खालच्या आकड्यातली प्रत्येक वाढ मोठी असते, आणि ज्यांची गाडी आधीच कमी देते त्यांचंच नुकसान सगळ्यात जास्त होत असतं. मी हिशोब केला, तोवर ४८ हजार किलोमीटर झाले होते, ३७५० लिटर जळलं होतं, थर्मोस्टॅट नीट असता तर ३२२० च्या आसपास पुरलं असतं. पाचशेहून जास्त लिटर. एक लिटर पेट्रोल जळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे तोही बाराशे किलोच्या वर. कुठल्याही कामाला न येता. जॉब कार्डावरच्या त्या दोन शब्दांच्या जागी कुणी पाइपला हात लावून बघितला असता तर.

पण १४.९ म्हणजे २१ नव्हे, आणि हे मला लपवायचं नाहीये. गाडी आता पूर्ण ठीक आहे आणि तरी ती छापलेल्या आकड्याच्या सत्तर टक्केच देते. त्यातला काही भाग माझ्या रोजच्या छोट्या फेऱ्यांचा आहे, चार-पाच किलोमीटरच्या, इंजिन पुरतं गरम व्हायच्या आत घर येतं. काही एसीचा, जो आता मी लावते. काही पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचा, त्यात लिटरमागे ऊर्जाच सुमारे एक तृतीयांश कमी, म्हणजे दहा टक्के मिसळलं की मायलेज तीनेक टक्क्यांनी खाली. आणि उरलेला भाग त्या खोलीचा, जिथे खड्डा नाही आणि चढ नाही. हे सगळं मला गाडी घ्यायच्या आधी कुणी सांगितलं असतं तर मी हीच गाडी घेतली असती का? कदाचित घेतलीही असती. १५ देईल असं सांगितलं असतं आणि १४.९ दिलं असतं तर माझी काहीच तक्रार नव्हती. १८ वाली मोठी गाडी मला मनातून जास्त आवडली होती हेही खरं.

आता कुणी गाडी घ्यायला निघालं की मी एकच विनवणी करते, ब्रोशर बाजूला ठेवा आणि तीच गाडी दोन-तीन वर्षं चालवणारा माणूस शोधा, त्याला विचारा टाकी फुल ते टाकी फुल किती पडतं, आणि शहरात किती आणि बाहेर किती ते वेगवेगळं विचारा. आणि पहिल्या महिन्यापासून लिहून ठेवा. भांडायला नाही. नंतर कुणी वाचणारा भेटला तर त्याच्या हातात द्यायला काहीतरी पाहिजे.

सेन्सर बदलून आता चौदा महिने झाले, गाडी एकदाही बंद पडलेली नाही. मुद्दाम भर दुपारी, मुद्दाम गर्दीत, मुद्दाम त्याच पुलावरून नेली. गेल्या आठवड्यात आईला घेऊन लांब गेले होते, दोनशे किलोमीटर, एसी लावून, आई मागे मान टेकून झोपली. हायवेला १७.२ पडलं, आजवरचा सगळ्यात मोठा आकडा. पंपावर मी वहीत लिहीत होते तेव्हा तिला जाग आली. विचारलं किती आलं, मी सांगितलं, ती हसली, छान म्हणाली, आणि झोपेत मांडीवरून घसरलेली पिशवी उचलून पुन्हा जवळ घेतली.